बंदिवासानंतरचें माहेर

ज्युबिली हा शब्द आज आपल्या सर्वांच्या तोंडीं आहे. देवळावर रोषणाई होते, बँड वाजतो, मुंबईस व परदेशीं गेलेलीं आपलीं माणसें रजा काढून गांवीं येतात, आणि जुन्या फादरांच्या व दात्यांच्या नांवांचा कृतज्ञतेनें उच्चार होतो. हें सर्व योग्यच आहे. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानांत घेतल्यास आपल्या आनंदाबरोबर एक जबाबदारीही आली आहे असें दिसून येईल. ‘योबेल’ या हिब्रू शब्दाचा अर्थ मेंढ्याचें शिंग. दर पन्नासाव्या वर्षीं हें शिंग फुंकून देशभर मुक्ततेची द्वाही फिरवावी, अशी आज्ञा जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. त्या वर्षीं हातची गेलेली जमीन मूळ धन्याकडे परत जावी, दास्यांत पडलेला मनुष्य सुटावा, आणि सुटल्यावर त्यानें आपल्या कुळाकडे परत जावें, असा तो नियम होता. यांतील शेवटची गोष्ट आपण सहसा विसरतों. बेडी तुटली म्हणजे ज्युबिली पुरी झाली असें नव्हे; घरीं पोंचणें हा तिचा दुसरा व अधिक कठीण असा अर्धा भाग होय.

प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा अर्धा भाग आहे. तुरुंगांतून सुटलेली, किंवा दारूच्या अगर अन्य व्यसनाच्या उपचारांतून बाहेर पडलेली स्त्री घरीं कशी पोंचली, तिला कोणीं पोंचविलें, आणि पोंचविणारांची वाट कोठें चुकली, याचा इतिहास थोडक्यांत सांगावा असा हेतु आहे. पुरुषाच्या वाट्यासही हें दुःख येतें. परंतु तो सुटला म्हणजे आई, बायको किंवा बहीण त्याच्यासाठीं बहुधा दार उघडते. स्त्री सुटली म्हणजे तिच्यासाठीं दार कोणीं उघडावयाचें? सासर तिला नाकारतें. माहेरीं भावजयीचा संसार असतो, धाकट्या बहिणींचीं लग्नें व्हावयाचीं असतात. मराठी भाषेंत थकल्याभागल्या स्त्रीच्या विसाव्यास माहेर असें म्हणतात. आणि नेमकें तेंच तिला उरलेलें नसतें.

जुन्या गोव्यांतील दोन गृहें

आपल्या किनाऱ्याच्या अगदीं शेजारीं, तेरेखोल नदीपलीकडे, या कार्याचा एक फार जुना दाखला आहे. १५९५ सालीं गोव्यास आर्चबिशप म्हणून आलेले आगुस्तिनी संघाचे दों आलेशू द मेनेझिस यांनीं सतराव्या शतकाच्या आरंभीं जुन्या गोव्यांत स्त्रियांसाठीं दोन आश्रयगृहें स्थापन केलीं. पहिलें ‘नोसा सेन्योरा द सेर्रा’ या नांवाचें. त्यांत पोरक्या मुली व प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया राहत, आणि पति दूरदेशीं गेला असतां कांहीं विवाहित स्त्रियांसही तेथें ठेवीत. दुसरें संत मारिया मग्दालेनेच्या नांवाचें. ज्या स्त्रियांस आपलें पूर्वायुष्य टाकून नव्यानें जगावयाचें होतें त्यांच्यासाठीं तें होतें. दोहोंची व्यवस्था मिजेरिकॉर्दिया या सुप्रसिद्ध दयासंघाकडे असे. पुढें जुनें गोवें ओस पडलें, व एकोणिसाव्या शतकांत हे आश्रय चिंबल येथें हलविण्यांत आले.

या योजनेचा मोठेपणा मान्य केलाच पाहिजे. पश्चात्ताप झालेल्या स्त्रीला केवळ पापनिवेदन पुरत नाहीं. तिला छप्पर लागतें, अन्न लागतें, हें चारशें वर्षांपूर्वीं ओळखणारे लोक आपल्या शेजारीं होते. तथापि योजनेंत एक उणीवही होती. निष्कलंक मानलेल्या स्त्रियांचें घर निराळें आणि पश्चात्ताप पावलेल्यांचें निराळें, अशी ही मूळचीच विभागणी. मग्दालेनेच्या घरांतून आलेली स्त्री म्हटली म्हणजे तिचें पूर्वचरित्र वेगळें सांगण्याची गरजच उरत नसे. घराचें नांवच तें सांगे. शिवाय त्या काळीं अशा गृहांतून बाहेर पडण्याची मान्य वाट म्हणजे विवाह. ज्या स्त्रीचा विवाह जुळला नाहीं, तिला त्या भिंतींच्या आंतच आयुष्य काढावें लागे.

कादियाकच्या तुरुंगांतील चार दिवस

युरोपांत स्त्री-कैद्यांकडे लोकांचें लक्ष वेधण्याचें मोठें श्रेय एलिझाबेथ फ्राय या क्वेकर पंथाच्या इंग्रज बाईंना आहे. १८१३ सालीं लंडनच्या न्यूगेट तुरुंगांत त्या प्रथम गेल्या, तेव्हां स्त्रिया व त्यांचीं लहान मुलें एकाच गर्दींत कोंबलेलीं त्यांनीं पाहिलीं. १८१७ मध्यें त्यांनीं स्त्रियांची एक समिति स्थापून तुरुंगांत मुलांसाठीं शाळा आणि बायकांसाठीं शिवणकाम सुरू केलें. हातास काम मिळालें म्हणजे मनास आधार मिळतो, हा धडा त्यांनीं घालून दिला. परंतु तो भिंतीच्या आंतला धडा होता. भिंतीबाहेरचा धडा देणारा पुरुष फ्रान्समध्यें निघाला.

बोर्दो शहराजवळ कादियाक नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील सरदारांच्या जुन्या वाड्यांत त्या काळीं स्त्रियांचा तुरुंग होता. त्याच गांवीं १८३२ सालीं जन्मलेले दोमिनिकन संघाचे फादर जां-जोसेफ लातास्त यांस सप्टेंबर १८६४ मध्यें तेथील सुमारें चारशें स्त्री-कैद्यांसाठीं चार दिवसांची ध्यानसाधना घेण्यास पाठविण्यांत आलें. या स्त्रियांस कोणी नांवानें हाक मारीत नसे, बोलण्यास मनाई असे. फादरांनीं त्यांना आरंभींच भगिनी म्हणून संबोधिलें, आणि संत मारिया मग्दालेनेचें उदाहरण देऊन सांगितलें कीं, परमेश्वर माणसाचा काल पाहत नाहीं, आज पाहतो. पवित्र साक्रामेंताच्या आराधनेसाठीं रात्रभर पाळ्या लावल्या, तेव्हां दिवसभर राबलेल्या त्या स्त्रिया आपआपल्या पाळीस हजर राहिल्या. त्या रात्रीं फादरांच्या मनांत एक विचार पक्का झाला.

कित्येक स्त्रियांस सुटल्यावर देवाच्या सेवेंत आयुष्य घालवावें असें वाटत होतें. परंतु तुरुंगाचा शिक्का असलेल्या स्त्रीला कोणता मठ आंत घेणार? फादर लातास्त यांनीं त्यांच्या बाजूनें एक पुस्तिका लिहून लोकांस आवाहन केलें, आणि १४ ऑगस्ट १८६६ रोजीं फ्रान-ल-शातो या गांवीं ‘बेथानी’ नांवाचें घर सुरू झालें. त्याचा नियम त्या काळास थक्क करणारा होता. शिक्षा भोगून आलेली स्त्री व निष्कलंक घराण्यांतून आलेली स्त्री एकच वेष धारण करीत, एकाच बाकावर बसून प्रार्थना करीत, एकाच टेबलावर जेवीत. आणि कोण कोठून आली हें बाहेरच्यांस कळावयाचें नाहीं, इतकेंच नव्हे, तर आंतल्या भगिनींनींही एकमेकींस तें विचारावयाचें नाहीं. जुन्या गोव्यांतील दोन गृहें येथें एक झालीं. फादर लातास्त १० मार्च १८६९ रोजीं अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं निवर्तले. ३ जून २०१२ रोजीं बेझांसों येथें त्यांना धन्यवादित घोषित करण्यांत आलें.

केडगांवचें कृपासदन

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. पंडिता रमाबाई पंथानें आपल्या ख्रिस्तसभेंतील नव्हत्या. परंतु मराठी भूमींत या कार्याचा पाया ज्यांनीं घातला त्यांत त्यांचें नांव पहिलें घ्यावें लागेल. १८५८ सालीं जन्मलेल्या या विदुषी १८८३ मध्यें इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे उतरल्या. त्या भगिनींचें एक गृह लंडनच्या फुलहॅम भागांत होतें. समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांस तेथें ठेवून, त्यांची सेवा करून, त्यांना पुन्हां माणसांत आणण्याचें काम चाले. ज्या स्त्रियांवर आपल्याकडे शास्त्र, समाज व घर या तिन्हींचीं दारें बंद होत, त्यांचीच येथें मायेनें शुश्रूषा होते, हें रमाबाईंनीं डोळ्यांनीं पाहिलें. असें करण्यास तुम्हांस कोण सांगतें, असें त्यांनीं विचारलें असतां एका भगिनीनें त्यांना प्रभु येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा वृत्तांत वाचून दाखविला. आपल्या मनाचें परिवर्तन येथून झालें, असें रमाबाईंनीं स्वतःच पुढें लिहून ठेविलें आहे.

१८८९ सालीं मुंबईंत त्यांनीं शारदासदन काढलें व पुढल्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या आणि पुणें-दौंड रस्त्यावरील केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. त्याच आवारांत, त्या शतकाच्या अखेरीस, ‘कृपासदन’ नांवाचा एक विभाग निघाला. ज्यांना तेव्हां लोक पतित म्हणत, त्या स्त्रियांसाठीं तो होता. केडगांवचें वैशिष्ट्य असें कीं, तेथें दयेबरोबर उद्योग होता. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, गाई-म्हशी, शेती आणि छापखाना हीं सर्व कामें स्त्रियाच करीत. रमाबाईंनीं सोप्या मराठींत केलेलें बायबलचें भाषांतर या छापखान्यांत स्त्रियांच्याच हातांनीं जुळविलें गेलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या, व तें १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. ज्या हातांस समाजानें शिवूं नये असें म्हटलें, त्या हातांनीं धर्मग्रंथाचे खिळे जुळवावे, याहून मोठें पुनर्वसन कोणतें असूं शकेल?

दारास कुलूप लागलें म्हणजे

इतिहास सांगतांना केवळ गौरव सांगून चालत नाहीं. अशीं गृहें बिघडतात कशीं, हेंही आपण जाणलें पाहिजे. फ्रान्समध्यें संत मेरी युफ्रेझिया पेल्तिए यांनीं १८३५ मध्यें ‘गुड शेफर्ड’ संघाची नवी घडी बसविली. टाकलेल्या मुलींस व स्त्रियांस मायेनें वागवावें हा त्यांचा उपदेश होता. १८५४ सालीं या संघाच्या भगिनी बंगळूरला आल्या, आणि हिंदुस्थानांत त्यांनीं पुष्कळ सत्कार्य केलें. परंतु आयर्लंडांत याच संघाचीं व इतर भगिनीसंघांचीं जीं गृहें ‘मॅग्डालीन लाँड्री’ म्हणून ओळखलीं जात, तेथें आश्रयाचें रूपांतर हळूहळू बंदिवासांत झालें. स्त्रियांनीं दिवसभर लोकांचे कपडे धुवावे, त्याची मजुरी त्यांना मिळूं नये, घरच्यांशीं संबंध तुटावा, आणि बाहेर पडण्याचें दार कधीं उघडेल हें कोणी सांगूं नये, अशी तेथील स्थिति झाली. यांतील शेवटचें गृह १९९६ सालीं बंद झालें. १९ फेब्रुवारी २०१३ रोजीं आयर्लंडच्या पंतप्रधानांनीं संसदेंत उभें राहून हयात असलेल्या स्त्रियांची राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली.

हें प्रकरण आपल्यास लाज आणणारें असलें तरी तें झांकून ठेवण्यांत हित नाहीं. फ्रान-ल-शातो येथें स्त्रीचें पूर्वायुष्य पुसलें गेलें. आयर्लंडांत तेंच तिच्या पायांतील बेडी झालें. दोन्हीकडे प्रार्थना होती, दोन्हीकडे काम होतें. भेद इतकाच कीं, एकीकडे ती स्त्री बहीण होती व दुसरीकडे ती शिक्षा फेडणारी होती. दया करणारा जेव्हां आपल्यास वरचढ समजूं लागतो, तेव्हां दयेच्या दारास कुलूप लागतें.

कायद्याची वाट

आपल्या देशांत तुरुंगांतील स्त्रियांचा प्रश्न प्रथम जोरानें मांडणारांत मिस मेरी कार्पेंटर या इंग्रज बाई होत्या. १८६६ मध्यें त्या मुंबईस उतरल्या, ठिकठिकाणचे तुरुंग त्यांनीं पाहिले, आणि स्त्री-कैद्यांवर स्त्री-रक्षकच असाव्या व त्यांना शिक्षण मिळावें असा आग्रह धरला. १९१९-२० च्या इंडियन जेल्स कमिटीनें तर तुरुंगाचा हेतु सुधारणा हा होय असें सांगून, सुटलेल्या कैद्यांस साहाय्य करणाऱ्या मंडळ्या असाव्या अशी शिफारस केली. विचार कागदावर आला. परंतु गांवच्या माणसांचें मन कागदानें बदलत नाहीं.

याचें एक उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडलें. मे १९३० मध्यें वेंगुर्ल्याजवळील शिरोड्याच्या मिठागरावर मिठाचा सत्याग्रह झाला. त्यापायीं तुरुंगांत गेलेले लोक सुटून आले, तेव्हां त्यांना देशभक्त म्हणून मान मिळाला. म्हणजे तुरुंगाची भिंत स्वतः कोणास काळें फांसत नाहीं. सुटून येणाऱ्याकडे गांव कोणत्या नजरेनें पाहतें, त्यावर सर्व अवलंबून असतें. पोटासाठीं चूक केलेली, नवऱ्याच्या गुन्ह्यांत ओढली गेलेली, किंवा खटला चालून शेवटीं निर्दोष ठरलेली स्त्री परत येते, तेव्हां ही नजर सारखीच कठोर असते. कच्ची कैदी म्हणून काढलेले महिने तिच्या नांवाला कायमचे चिकटतात.

स्वातंत्र्यानंतर कांहीं पावलें पडलीं. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानें लहान गुन्ह्यांसाठीं तुरुंगाऐवजीं देखरेखीखालीं मोकळें ठेवण्याची सोय केली. मे १९८२ मध्यें पत्रकार शीला बारसे यांनीं मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगांतील पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील पांच जणींनीं पोलीस कोठडींत आपल्यास मारहाण झाल्याचें सांगितलें. बारसे यांच्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयानें अर्ज मानलें, आणि तुरुंगांत जाऊन या स्त्रियांशीं बोलून अहवाल देण्याचें काम मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांकडे सोंपविलें. हें महाविद्यालय १९५५ मध्यें ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या आपल्याच ख्रिस्तसभेंतील भगिनींनीं स्थापिलेलें आहे, हें वाचकांस समाधानाचें वाटेल. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालानें स्त्रियांसाठीं स्वतंत्र कोठड्या, त्यांवर स्त्री-पोलीस, आणि अटक झालेल्यांस कायद्याची मदत, अशा आज्ञा झाल्या. १९८७ मध्यें न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांच्या समितीनें देशांतील स्त्री-कैद्यांविषयीं सविस्तर अहवाल सादर केला. २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सहा वर्षांखालील मूल आईपाशीं तुरुंगांत राहिल्यास त्याचें अन्न, औषध व शिक्षण यांविषयीं नियम घालून दिले.

सुटकेनंतरच्या कामास मुंबईंत १९९० सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या उपक्रमानें पद्धतशीर रूप दिलें. कार्यकर्त्यांनीं तुरुंगांतच ओळख करून घ्यावी, वकील मिळवून द्यावा, मुलांचा पत्ता लावावा, आणि सुटल्यावर निवारा व काम शिकण्याची जागा मिळवून द्यावी, अशी ही रीत आहे. सरकारनेंही २००१-०२ पासून ‘स्वाधार’ योजनेंत, घरचा आधार नसलेल्या व तुरुंगांतून सुटलेल्या स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख केला. तीं गृहें २०२२ पासून ‘शक्ति सदन’ या नांवाखालीं आलीं. आपल्या ख्रिस्तसभेंत १९८१ मध्यें केरळांत सुरू झालेलें ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ देशभर पसरलें असून, ऑगस्टचा दुसरा रविवार या सेवेसाठीं पाळण्यांत येतो.

न दिसणारा तुरुंग

व्यसनाच्या बंदिवासास भिंती नसतात, म्हणून तो लवकर दिसत नाहीं. आणि स्त्रीच्या बाबतींत तर घरचेच तो झांकून ठेवतात. अमेरिकेंत अ‍ॅक्रन शहरीं सेंट थॉमस इस्पितळांत सिस्टर इग्नेशिया नांवाच्या धर्मभगिनी होत्या. १९३५ मध्यें स्थापन झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या मंडळाच्या दोन संस्थापकांपैकीं एक डॉक्टर स्मिथ. मद्यपी म्हटला म्हणजे इस्पितळें त्यास दारांतूनच परत पाठवीत, अशा त्या काळीं, १९३९ सालीं, सिस्टरांनीं डॉक्टरांच्या साहाय्यानें असे रोगी दाखल करून घेण्यास आरंभ केला. निघतांना त्या प्रत्येकास पवित्र हृदयाचें लहानसें पदक देत आणि सांगत, पुन्हां पहिला पेला उचलण्यापूर्वीं हें मला आणून द्या. त्यांतील मर्म असें कीं, घरीं गेलेल्या माणसास आपली कोणी वाट पाहत आहे हें ठाऊक असावें.

मुंबईंत वांद्र्याच्या माउंट कार्मेल देवळाच्या आवारांत १९८१ मध्यें फादर जो परेरा यांनीं ‘कृपा’ संस्था काढली. या सेवेसाठीं त्यांना २००९ सालीं पद्मश्री मिळाली. पुण्यास २९ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्यानें, मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. तेथें प्रथम पुरुष येत. त्यांच्या बायकांसाठीं ‘सहचरी’ नांवाची सभा भरूं लागली, आणि पुढें व्यसनांत सांपडलेल्या स्त्रियांसाठीं ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग निघाला. पुरुष दारूच्या आहारीं गेला तर बायको त्याला केंद्रांत आणते, भेटीच्या दिवशीं डबा घेऊन येते, घरीं परतल्यावर पथ्य सांभाळते. बायको व्यसनांत पडली तर तिला लपविण्याकडे अगर टाकण्याकडे घरच्यांचा कल असतो. उपचाराचे दिवस मोजके. त्यानंतरचे दिवस जन्मभराचे. त्याच स्वयंपाकघरांत, त्याच बोलण्यांत, त्याच एकटेपणांत ती परत गेली, तर केंद्रांतील शिक्षण किती दिवस टिकणार?

या संदर्भांत पुणें जिल्ह्यांतील वढू बुद्रुक येथें फेब्रुवारी १९९७ मध्यें सिस्टर ल्युसी कुरियन यांनीं संकटग्रस्त स्त्रियांसाठीं काढलेल्या घराचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं; कारण त्यांनीं त्या घराचें नांवच ‘माहेर’ असें ठेविलें. स्त्रीला काय हवें असतें हें त्या एका शब्दांत आलें आहे. माहेरीं लेकीला कोणी जाब विचारीत नाहीं. प्रथम पाणी देतात, मग जेवावयास वाढतात, आणि तिला बोलावेंसें वाटेल तेव्हां ऐकतात.

आपल्या किनाऱ्यावर

२००५ सालीं सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आपलीं गांवें लहान. मालवण, वेंगुर्लें, सावंतवाडी, बांदा येथील आपल्या लोकांत कोण कोणाची कोण हें सर्वांस ठाऊक. हें आपलें भाग्य, आणि परत येणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीनें हीच आपली अडचण. मोठ्या शहरांत ती गर्दींत मिसळून जाईल, येथें एस. टी. स्टँडवर उतरल्यापासून घराच्या पायरीपर्यंत तिला प्रत्येक डोळा ओळखतो. मासे विकणाऱ्या बाईचा धंदा विश्वासावर चालतो. बाजारांतील तिची बसावयाची जागा एकदां गेली तर ती परत मिळविणें कठीण. आपल्या भागास आणखी एक मोह जवळचा आहे. गोव्याची स्वस्त दारू सीमेपलीकडेच मिळते, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं चोरट्या वाहतुकीचे खटले येथें नित्य होतात. पोटासाठीं बाटल्या वाहणारी विधवा पकडली गेली तर तिच्या मागें तिचीं मुलें कोणाकडे जातात, हा प्रश्न न्यायालय सोडवीत नाहीं. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच सोडवावा लागतो.

वरील इतिहासावरून आपल्यास जें करितां येण्याजोगें आहे, तें फार मोठें नाहीं व फार खर्चाचेंही नाहीं. तुरुंगांत असलेल्या बाईस धर्मग्रामांतून पत्र जावें, आणि सुटण्याच्या दिवशीं दोन बायकांनीं तिला आणावयास जावें; एकटीनें गांवांत पाय ठेवण्याची पाळी तिच्यावर येऊं नये. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचें पुस्तक हीं नीट करून देण्यास व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद साहाय्य करूं शकतील. काजू, कोकम, मसाला, सुकी मासळी, शिवण अशा कामांत बचत गटांनीं तिला घ्यावें, आणि तिच्या हातीं हिशोबही द्यावा. कारण ज्याच्यावर कोणी विश्वास टाकीत नाहीं, तो विश्वास ठेवण्यास योग्य कसा होईल? तिच्या मुलांस शाळेंत व धर्मशिक्षणाच्या वर्गांत कोणी टोंचून बोलूं नये, याची काळजी शिक्षकांनीं घ्यावी. उपचार घेऊन आलेल्या बहिणीस रोसाच्या दिवशीं किंवा लग्नाच्या मांडवांत ग्लासाचा आग्रह करूं नये; कोकमाचें सरबत सर्वांसाठींच ठेविलें तर तिचें वेगळेपण कोणाच्या डोळ्यांत भरणार नाहीं. आणि सर्वांत सोपी व सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे मौन. फ्रान-ल-शातो येथील भगिनींनीं जें विचारावयाचें नाहीं असें ठरविलें, तें आपणही विचारूं नये.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २८ मार्च २०२४ च्या पवित्र गुरुवारीं रोमच्या रेबिब्बिया तुरुंगांत बारा स्त्री-कैद्यांचे पाय धुतले. आणि त्याच वर्षीं २६ डिसेंबर रोजीं, ज्युबिलीच्या आरंभीं, त्याच नांवाच्या तुरुंगांत त्यांनीं पवित्र द्वार उघडलें. रोमच्या महामंदिरांप्रमाणेंच तुरुंगांतही ज्युबिलीचें द्वार असूं शकतें, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें. आपल्या देवळाचें दार तर ज्युबिली असो वा नसो, रोज उघडेंच असतें. परंतु परत येणाऱ्या बहिणीस देवळाच्या दारापेक्षां त्याच्या आंतल्या बाकाची भीति वाटते. ती येऊन बसली असतां शेजारची बाई किंचित् सरकून तिला जागा देते, कीं उठून दुसरीकडे जाते, यावर आपल्या ज्युबिलीचें शिंग खऱ्या अर्थानें वाजलें कीं नाहीं हें ठरणार आहे. सरकून दिलेली ती हातभर जागा म्हणजेच तिचें माहेर. तेवढी जागा आपल्या प्रत्येकाच्या बाकावर असावी, ही कृपा प्रभु येशूनें मरियामातेच्या मध्यस्थीनें आपल्या धर्मग्रामास द्यावी, हीच या मंगल प्रसंगीं नम्र प्रार्थना.